हायड्रॉलिक क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरला गियर पडत नाही. ट्रॅक्टर मधोमध खोलण्याआधी काय तपासावे?

कृष्णाकाठ (वाळवा, जि. सांगली):

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे ७५ अश्वशक्तीचा, फोर व्हील ड्राइव्ह असलेला, साधारण पंधरा वर्षे जुना ट्रॅक्टर आहे. तो मी दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेतला असून उन्हाळ्यात नांगरणी आणि रोटाव्हेटरसाठी, तर गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या कारखान्यावर नेण्यासाठी वापरतो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नसून वयाचा आहे असे मला वाटते.

या ट्रॅक्टरचा क्लच सळईवर किंवा केबलवर चालत नाही. पेडलमागे मास्टर सिलिंडर आहे, त्यावर तेलाची लहान टाकी आहे, तेथून लोखंडी नळी आणि पुढे रबरी पाइप निघून क्लच हाउसिंगच्या डाव्या अंगाला बाहेरून बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरला मिळतो, आणि स्लेव्हचा दांडा क्लचच्या फोर्कला (क्लच सोडवणाऱ्या आतील दांडीला) ढकलतो. पीटीओचा (जोडलेली अवजारे फिरवणाऱ्या शाफ्टचा) क्लच वेगळा असून तो हाताच्या दांड्यावर आहे व व्यवस्थित चालतो.

त्रास असा आहे की सकाळी ट्रॅक्टर चालू केल्यावर पेडल पूर्ण दाबले तरी पहिला गियर कर्कश आवाज करतो. पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबले की गियर पडतो. दुपारी यंत्र तापल्यावर मात्र पंप मारूनही कधी कधी गियर पडत नाही आणि पडलाच तर पेडल दाबलेले असतानाही ट्रॅक्टर पुढे सरकू पाहतो. टाकीतील तेलाची पातळी हळूहळू उतरते, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. आधीच्या मालकाने टाकीत कोणते तेल घातले होते याची खात्रीची माहिती मिळत नाही.

येथील मिस्त्रींचे म्हणणे आहे की क्लच प्लेट गेली आहे आणि ट्रॅक्टर मधोमध खोलावा, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स वेगळे करावे लागतील. कारखाने सुरू होण्यास फार अवधी राहिलेला नाही. खोलण्याची मजुरी, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग यांचा खर्च मोठा आहे. तो करण्याची माझी तयारी आहे, परंतु त्याआधी बाहेरून काय काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यंत्रशाळा (बारामती):

दादा, ट्रॅक्टर तूर्त खोलू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे झिजलेल्या प्लेटची नाहीत. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे चढावर किंवा भरलेल्या ट्रॉलीला इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. आपला क्लच घसरत नाही, तो सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही गियरबॉक्स इंजिनापासून वेगळा होत नाही. न सुटण्याची कारणे दोन ठिकाणी असू शकतात: एक तर पेडलचा दाब फोर्कपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, किंवा तो पोहोचूनही आत काही अडकले आहे. पहिले कारण संपूर्णपणे बाहेरून तपासता येते आणि दुसऱ्यासाठी ट्रॅक्टर खोलावा लागतो. म्हणून पहिले निकालात काढल्याशिवाय दुसऱ्याकडे वळण्यात अर्थ नाही.

हा निकाल एका मापाने लागतो. इंजिन बंद ठेवून, गियर न्यूट्रलमध्ये टाकून आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून एका माणसाला पेडलवर बसवा. स्लेव्हच्या दांड्यावर खडूने खूण करा, शेजारी स्टीलची पट्टी धरा आणि पेडल तळापर्यंत दाबल्यावर दांडा किती मिलिमीटर सरकतो ते लिहून घ्या. हे माप पहिल्या दाबाला एकदा आणि पंप मारल्यावर एकदा घ्या. तसेच यंत्र थंड असताना आणि काम करून तापल्यावर अशा दोन्ही वेळा घ्या. त्याचबरोबर मास्टरच्या दांड्याची सरक मोजा, कारण जुन्या ट्रॅक्टरात पेडलची बुश आणि दांड्याची पिन झिजून भोके लांबट झालेली असतात आणि बरीचशी सरक तेथेच संपते. मास्टर आणि स्लेव्हचे आतील व्यास बहुधा त्यांच्या अंगावर ओतलेले असतात, तेही कळवा. या आकड्यांवरून स्लेव्हने किती सरकायला हवे याचा हिशेब मांडता येतो. कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत हे माप दिलेले असेल तर तेच प्रमाण मानावे.

तेलाच्या पातळीविषयी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ब्रेकच्या टाकीत लायनिंग झिजेल तशी पातळी उतरते. बाहेरून समायोजन नसलेल्या, स्वतःच जुळवून घेणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये याच्या नेमके उलटे घडते: प्लेट पातळ होत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटे फोर्कने ढकलल्या जाणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा पिस्टन मागे रेटला जातो आणि त्यातील तेल टाकीत परत येते. म्हणून पातळी उतरत असेल, तर तेल कोठेतरी बाहेर जात आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. स्लेव्हचे रबरी बूट हलकेच उलटून आत ओल आहे का ते पाहा. मास्टरच्या मागील बाजूस, पेडलच्या दांड्यावरही हात फिरवून पाहा. तेल बुटातच साचते आणि धुळीत मुरते, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसेलच असे नाही.

दुसरी चाचणी मास्टरची. मास्टरच्या तोंडाची नळी सोडून त्याच आट्यांचा बंद बोल्ट तांब्याच्या नव्या वायसरसह घट्ट बसवा आणि पेडल दाबा. मास्टर ठीक असेल, तर पेडल थोडेसे जाऊन दगडासारखे कडक होईल आणि पायाचा दाब कायम ठेवला तरी खाली बसणार नाही. ते हळूहळू खाली गेले, तर आतील कप (पिस्टनवरील रबरी सील) तेल मागे सोडत आहे, आणि तसे तेल टाकीतच परतत असल्यामुळे बाहेर गळती दिसत नाही. पेडल कडक राहिले, तर दोष मास्टरच्या पुढे शोधायचा.

शिवारफेरी (निफाड):

मापे घेण्यापूर्वी तेल ओळखून घ्या, नाहीतर नवी रबरे बसवूनही ती टिकणार नाहीत. काही ट्रॅक्टरांच्या क्लचमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल लागते, तर काहींमध्ये, विशेषतः युरोपीय रचनेच्या ट्रॅक्टरांत, खनिज तेल लागते. दोन्हींची रबरे वेगळ्या जातीची असतात. ब्रेक ऑइलच्या सिलिंडरात खनिज तेल गेले की कप फुगतात आणि मऊ पडतात. खनिज तेलासाठी असलेल्या रबरांना ब्रेक ऑइल तसेच खराब करते. टाकीच्या झाकणावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

आत सध्या काय आहे हे ओळखण्याची सोपी रीत अशी: पुन्हा वापरायचा नाही अशा काचेच्या बाटलीत पाणी घेऊन टाकीतील तेलाचे काही थेंब सोडावेत आणि हलवावे. नेहमीचे ब्रेक ऑइल पाण्यात पूर्ण मिसळते. खनिज तेल वर तरंगते. दोन्हींचे मिश्रण असेल तर वर तवंग राहतो. तसे आढळल्यास मास्टर, स्लेव्ह आणि पाइप यांमधील प्रत्येक रबर बदलावे लागते, केवळ तेल बदलून भागत नाही. टाकीच्या झाकणाखालचे रबर वेडेवाकडे फुगले असेल तर तोही पुरावाच समजावा.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये तेल उकळण्याची वेळ क्वचित येते, परंतु ओलीमुळे सिलिंडरच्या भिंतींना गंज चढून खड्डे पडतात, आणि जुन्या ट्रॅक्टरांतील कप बहुतेक त्याच खड्ड्यांवर घासून फाटलेले असतात.

जुने लोखंड (करमाळा):

वरील दोघांशी मी सहमत आहे. फक्त दुसरी बाजूही नोंदवतो. स्लेव्हचा दांडा पूर्ण सरकत असूनही गियर पडत नसेल, तर दोष आत आहे. फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग (गियरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारे) जाम झाले की क्लच सुटूनही गियरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. फोर्क वाकलेला किंवा त्याचा टेकू झिजलेला असू शकतो, आणि लायनिंगचा तुकडा सुटून मध्ये अडकल्याचेही पाहण्यात येते. पंप मारल्यावर गियर पडतो, हे लक्षण मात्र यांपैकी कशाशीच जुळत नाही.

खोलण्याची वेळ आलीच, तर पुढील धुरा आणि त्यावरील आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. पुढचा भाग धुऱ्यावर मध्यभागी टेकलेला असतो आणि मागील भागापासून सुटताच तो एका अंगाला कलंडू शकतो. तसेच दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅक्टर गियरमध्ये ठेवून स्टार्टर मारू नये आणि अवजार जोडताना ट्रॅक्टर व अवजार यांच्यामध्ये कोणालाही उभे राहू देऊ नये. क्लच न सुटणारा ट्रॅक्टर अशा वेळी माणसाला चिरडू शकतो.

कृष्णाकाठ (वाळवा, जि. सांगली):

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. टाकीच्या झाकणावर डॉट ३ असा उल्लेख आहे आणि आतील तेल काळपट असले तरी पाण्यात पूर्ण मिसळले, तवंग राहिला नाही. मास्टरवर १९.०५ आणि स्लेव्हवर २२.२ असे आकडे ओतलेले आहेत. मास्टरच्या दांड्याची सरक २९ मिलिमीटर भरली. स्लेव्हचा दांडा थंड असताना पहिल्या दाबाला १३ मिलिमीटर आणि पंप मारल्यावर १७ मिलिमीटर सरकला; दुपारी तापल्यावर हेच आकडे ११ आणि १४ आले. दुरुस्ती पुस्तिका उपलब्ध झाली नाही.

मास्टरला बंद बोल्ट लावल्यावर पेडल कडक झाले आणि दाबून धरले तरी अजिबात खाली गेले नाही. स्लेव्हच्या बुटात ओल आहे. रबरी पाइप सायलेन्सरच्या बाजूने खाली उतरतो. पाइप धरणाऱ्या पट्टीजवळ त्याला बारीक भेगा पडल्या आहेत, आणि पेडल दाबताना त्यावर हात ठेवला असता तो फुगत असल्याचे स्पष्ट जाणवते.

यंत्रशाळा (बारामती):

उत्तम काम केलेत. आता हिशेब पाहा. व्यासांच्या वर्गांचे गुणोत्तर काढले तर मास्टर १ मिलिमीटर सरकल्यावर स्लेव्ह ०.७४ मिलिमीटर सरकतो. मास्टरची २९ मिलिमीटर सरक आहे. त्यातील साधारण २ मिलिमीटर दांड्याची मोकळीक भरून काढण्यात आणि टाकीकडील लहान छिद्र झाकण्यात जातात असे धरू. उरलेल्या २७ मधून स्लेव्हला सुमारे २० मिलिमीटर मिळायला हवेत. आपल्याला पहिल्या दाबाला १३ मिळतात. हे सात मिलिमीटर म्हणजे तेलाच्या हिशेबात केवळ २.७ मिलिलिटर, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. क्लच सुटणे न सुटणे एवढ्याशा तेलावर अवलंबून असते.

पंप मारून १३ चे १७ होतात, यावरून आत हवा आहे. ती बहुधा स्लेव्हच्या गळक्या कपातून, पेडल सोडताना शिरत असावी. पंप मारूनही जे तीन मिलिमीटर मिळत नाहीत, ते पाइपच्या फुगण्यात जात आहेत. तापल्यावर रबर मऊ पडून अधिक फुगते आणि हवेलाही अधिक दाबावे लागते, म्हणून दुपारी त्रास वाढतो. मास्टर सध्या निर्दोष आहे. माझ्या मते स्लेव्ह आणि पाइप या दोनच गोष्टी कराव्यात. प्लेटला हात लावू नये.

पाइपच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. ट्रॉलीच्या जॅकचे हायड्रॉलिक पाइप दाबून देणारी दुकाने आता प्रत्येक बाजारपेठेत आहेत आणि ती तसाच पाइप लगेच करून देतील. तो पाइप दाबाला पुरून उरेल, परंतु त्याचे आतील रबर सामान्यतः खनिज तेलासाठी असते आणि ब्रेक ऑइलमध्ये ते फुगून सुटू लागते. आतला थर सुटला की तो झडपेसारखे वागतो: पेडल दाबताना तेल जाते, सोडल्यावर परत येत नाही, आणि क्लच अर्धवट सुटलेला राहून प्लेट खरोखरच जळते. म्हणून ब्रेक किंवा क्लचसाठीच बनवलेला, तेवढ्याच लांबीचा पाइप घ्या आणि सायलेन्सरपासून दूर बांधा, शक्य असल्यास मध्ये पत्र्याचा आडोसा द्या.

स्लेव्ह खोलल्यावर आतील भिंत बोटाने चाचपा. गुळगुळीत असेल तर नव्या रबरांचे किट बसवून चालेल. नखाला लागतील असे खड्डे असतील तर पूर्ण सिलिंडरच बदला, कारण नवा कप त्या खड्ड्यांवर एक हंगामही टिकत नाही. धुण्यासाठी केवळ नवे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा. आपल्याकडे प्रत्येक सुटा भाग डिझेलच्या डब्यात बुडवण्याची सवय आहे. येथे ती नव्या रबराचा घात करते. जुने तेल पूर्ण काढून सीलबंद डब्यातील नवे तेल भरा, आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग निघतो.

हवा काढण्यात बहुतेकांची चिकाटी संपते. दोन माणसांच्या नेहमीच्या पद्धतीत स्लेव्हवरील हवा काढण्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवतात. पेडल सावकाश दाबत असताना निपल उघडायचा आणि पेडल सोडण्याआधी बंद करायचा. या काळात टाकी रिकामी होऊ देऊ नये. तरीही हवा राहिली तर उलट बाजूने भरा: टाकीतील बरेचसे तेल काढून घ्या आणि मोठ्या सिरिंजने निपलमधून तेल हलक्या हाताने वर ढकला. हवेचा स्वभाव वर जाण्याचा असल्याने या रीतीने ती लवकर निघते. स्लेव्हचा निपल सर्वांत उंच जागी येतो की नाही हेही पाहा; येत नसेल तर सिलिंडर सोडून, निपल वर धरून, पिस्टन आत दाबून ठेवून हवा काढा. सिलिंडर मोकळा असताना पेडल मात्र कोणी दाबू नये, अन्यथा पिस्टन बाहेर उडतो.

सह्याद्री (आजरा):

विषयाला धरूनच विचारतो. माझ्या ट्रॅक्टरलाही असाच क्लच आहे, परंतु त्रास उलटा आहे: सकाळी ठीक असतो आणि तास-दोन तास काम झाल्यावर घसरू लागतो. थंड झाला की पुन्हा ठीक. नवी प्लेट बसवलेली आहे.

जुने लोखंड (करमाळा):

पेडल आणि मास्टर यांच्यामधील दांड्याला मोकळीक उरली नसावी. पेडल सोडल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, तरच टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडते. दांडा पिस्टनला सतत टेकून असेल तर ते छिद्र झाकलेले राहते. यंत्र तापून तेल प्रसरण पावते, त्याला परत जायला वाट मिळत नाही आणि ते स्लेव्हलाच ढकलते. घसरू लागल्यावर लगेच स्लेव्हचा निपल किंचित सैल करून पाहा. तेलाची चिळकांडी उडून घसरणे थांबले, तर निदान पक्के झाले. मग निपल घट्ट करून दांड्याचा नट सैल करा आणि पुस्तिकेप्रमाणे मोकळीक ठेवा. सर्वसाधारणपणे दांड्याच्या टोकाशी सुमारे १ मिलिमीटर असते. मोकळीक असूनही तसेच होत असेल, तर छिद्रात गाळ असेल किंवा कप फुगून छिद्र झाकत असेल.

कृष्णाकाठ (वाळवा, जि. सांगली):

काम झाले. स्लेव्हच्या भिंतीला खालच्या अंगाला खड्डे होते, म्हणून पूर्ण सिलिंडर बदलला; पाइप ब्रेकच्या सामानाच्या दुकानातून त्याच लांबीचा मिळाला. नेहमीच्या पद्धतीने हवा निघाली नाही, सिरिंजने मात्र लगेच निघाली. आता दांडा थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत २० मिलिमीटर सरकतो आणि पंप मारूनही आकडा वाढत नाही. दोन्ही ट्रॉल्या भरून चढावर पाहिले, घसरत नाही. मिस्त्रींनाही मापे दाखवली; त्यांनी ती वहीत उतरवून घेतली. एकच शंका उरली आहे: पेडल दाबून लगेच पहिला गियर टाकला तर अजून थोडासा आवाज येतो, जरा थांबून टाकला तर येत नाही.

यंत्रशाळा (बारामती):

तो दोष नाही. क्लच सुटल्यावरही प्लेट आणि शाफ्ट आपल्या वेगाने काही क्षण फिरत राहतात आणि सिंक्रोमेश (वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेल्या गियरांना ते थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. पेडल दाबून तीन ते पाच सेकंद थांबा, मग गियर टाका. दहा सेकंद थांबूनही आवाज येऊ लागला तर पट्टी घेऊन स्लेव्हची सरक पुन्हा मोजा. २० मिलिमीटर भरली तरच पायलट बेअरिंगचा विचार करा.